बागेला कुलूप नको, वेळ बदला

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातील अनेक शाळांच्या आवारात परसबागा उभ्या राहिल्या आहेत. शालेय पोषण आहाराला ताजी भाजी मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०१९ साली शाळांतील परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर कुठे गुरुजींनी पुढाकार घेतला, कुठे बचत गटाच्या महिलांनी, तर कुठे गावातल्या निवृत्त मंडळींनी. पावसाळा आणि हिवाळा बाग मजेत चालते. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो सारे काही येते आणि पाहुण्यांना दाखवायलाही बरे असते. मार्च उलटला की खरी परीक्षा सुरू होते. विहीर तळ गाठते, नळ दिवसाआड येतो आणि पारा चढू लागतो. मे लागला की शाळेलाच सुट्टी. आपल्या विदर्भातील शाळा तर उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा सुमारे पंधरवडाभर उशिरा उघडतात. एवढे दिवस बाग कोणी सांभाळायची, आणि मुलांनी सांभाळायची की नाही, हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो.

मागच्या एप्रिलात एका शाळेच्या बागेत काम करणारा पाचवीतला मुलगा चक्कर येऊन पडला म्हणून माझ्या दवाखान्यात आणला होता. सकाळी उपाशीपोटी आलेला आणि साडेअकरापर्यंत बादल्या वाहिलेला. सुदैवाने उष्माघात नव्हता. सावलीत निजवले, अंग ओल्या कपड्याने पुसले, घोट घोट जलसंजीवनी पाजली, तासाभरात पोरगे उठून बसले. पण दुसऱ्या दिवसापासून गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, बागेला कुलूप लावा, आमची लेकरे वाटेवर पडलेली नाहीत. दुसरा म्हणे, आम्ही नाही का लहानपणी उन्हातान्हात राबलो, आजची पोरेच नाजूक. दोन्हीकडची मंडळी "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा" म्हणून माझ्याकडे आली. तेव्हा जे त्यांना सांगितले तेच आज जरा विस्ताराने लिहितो. माझ्या मते दोन्ही तट चुकत आहेत. बाग बंद करण्याची गरज नाही आणि मुलांना उन्हात राबवण्याचीही नाही. बदलायची आहे ती कामाची वेळ, बागेचा आकार आणि मोठ्यांची शिस्त.

बाग उन्हाळ्यातच का हवी?

प्रथम कुलूप लावा म्हणणाऱ्यांशी बोलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. म्हणजे आपण पुढे जाण्याऐवजी मागे गेलो. हीच बालके पुढे शाळेत येतात. फिकट डोळे, निस्तेज चेहरा, धावल्यावर धाप, अभ्यासात लक्ष नाही, अशी मुले मी रोज पाहतो. आईबाप टॉनिकची बाटली मागतात. ताटात काय असते, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : भाकरी, पोळी, वरण, चटणी. उन्हाळ्यात भाजी महागते आणि हिरवी पालेभाजी तर ताटातून जवळजवळ नाहीशीच होते.

त्यातच सुट्टी लागली की शाळेतले दुपारचे जेवण थांबते. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर सुरू झाली. ज्यांच्या घरी चूल दोन्ही वेळा नीट पेटते त्यांना या जेवणाचे मोल कळणार नाही. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही हे जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला होता, यावरून विषयाचे गांभीर्य लक्षात यावे. ज्या दिवसांत मुलाच्या ताटात सर्वांत कमी पडते, नेमक्या त्याच दिवसांत आपण बागेला कुलूप लावतो, हे मला पटत नाही.

बागेमुळे रक्तक्षय नाहीसा होईल, असा माझा दावा नाही. पालेभाजीतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. म्हणून शाळेत मिळणारी आठवड्याची लोहाची गोळी आणि जंताची गोळी चुकवू नये. बाग हा त्यांना पर्याय नव्हे, जोड आहे. भाजीवर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी, एवढे जरी घराघरांत पोचले तरी फरक पडेल. शेवग्याचा पाला घ्या. शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे एकशेवीस मिलिग्रॅम असते. जीवनसत्त्व अ देणारे घटक तर पाल्यात भरपूर. आणि हे झाड एकदा मूळ धरले की उन्हाळ्याला दाद देत नाही. असा ठेवा शाळेच्या कुंपणाला उभा असताना तो पाण्यावाचून वाळू देणे हा निव्वळ आळस होय.

आणखी एक गोष्ट दवाखान्यात बसून लक्षात आली आहे. जे मूल स्वतः वाफ्याला पाणी घालते ते त्या वाफ्यातली भाजी खाते. घरी माठाची भाजी दिसली की नाक मुरडणारी पोरे स्वतः लावलेला माठ मात्र "आमचा आहे" म्हणून मिटक्या मारत खातात. हे काम कोणत्याही टॉनिकला जमलेले नाही.

ऊन आणि मुलाचे शरीर

आता "आम्ही नाही का राबलो" म्हणणाऱ्यांकडे वळतो. मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे हवा तापली की ती लवकर तापतात. त्यांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. म्हणून मुलांना उष्णता मुळीच सोसत नाही, असे पूर्वी मानले जाई. परंतु २०११ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपले जुने मत सुधारले. शरीरात पाणी पुरेसे असेल तर निरोगी मूल उष्णतेला बहुतांशी मोठ्यांसारखेच तोंड देते. त्रास होतो तो प्रामुख्याने तीन कारणांनी : पाणी कमी पडले, विश्रांती मिळाली नाही, किंवा काम झेपेल त्यापेक्षा जास्त लादले गेले. वाचकहो, ही तिन्ही कारणे मुलाच्या हातात नसतात, आपल्या हातात असतात. खेळात किंवा कामात रंगलेले मूल तहान लागली म्हणून थांबत नाही. गुरुजींना काय वाटेल म्हणून दमलो असेही सांगत नाही. ते सांगेल तेव्हा थांबू, असे म्हणून चालणार नाही.

वर्तमानपत्रात छापून येते ते तापमान सावलीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर मोजलेले असते. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर गेला आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला, किंवा नुसता ४५ च्या वर गेला, की उष्णतेची लाट समजतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे ४५ चा आकडा नवा नाही. त्या दुपारी उघड्या, कोरड्या मातीचा वरचा थर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो, आणि वाफ्यात उकिडवे बसलेले मूल त्या मातीपासून हातभरावर असते. पायात चप्पल नसेल तर विचारूच नका.

पण ४० च्या आत पारा म्हणजे निर्धास्त, असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील जाहीर कार्यक्रमात उन्हाच्या तडाख्याने १४ जणांचे प्राण गेले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि कित्येक तासांची बैठक, एवढे पुरले. तेव्हा आकड्याइतकेच उन्हात किती वेळ काढला यालाही महत्त्व आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने हाहाकार उडाला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली तेथील महापालिकेने उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील शहरांत तो पहिला. त्यातील उपाय काय होते? लोकांना आदल्या दिवशी इशारा, पिण्याच्या पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी आणि उन्हातल्या कामाच्या वेळेत बदल. शहराला कुणी कुलूप लावले नाही. जे पन्नास लाखांवर वस्तीच्या शहराला जमले ते पंचवीस मुलांच्या बागेला न जमण्याचे कारण नाही.

बाग लहान करा

बहुतेक ठिकाणी गोंधळ होतो तो इथे. हिवाळ्यातली सगळी बाग मे महिन्यात जगवायचा हट्ट धरला जातो. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडे मे महिन्यात उन्हाने आणि वाऱ्याने वाफ्यातून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. म्हणजे पन्नास चौरस मीटरच्या बागेला रोज सुमारे चारशे लिटर पाणी लागणार. पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर सव्वीस-सत्तावीस खेपा. पाण्याने भरलेली पंधरा लिटरची बादली पंधरा किलोची होते, आणि आपल्याकडे पाचवीतल्या मुलाचे वजन बहुधा पंचवीस-तीस किलो असते. आपल्या वजनाच्या निम्मे ओझे घेऊन ते मूल उन्हात खेपा घालणार! याला संस्कार म्हणत नाहीत, मजुरी म्हणतात.

तेव्हा मार्चअखेरीसच बाग आटोपती घ्यावी. दहा फूट बाय आठ फुटांचा एखादा वाफा आणि कुंपणाकडेची पाच-सहा झाडे पुरेत. वाफा शक्यतो पूर्वेकडून ऊन येईल आणि दुपारी भिंतीची किंवा झाडाची सावली पडेल अशा जागी घ्यावा. वर हिरवी जाळी किंवा जुन्या साड्यांचा मांडव घालावा. खाली पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड यांचे चार बोटे जाडीचे आच्छादन करावे. झाडाच्या आळ्यात जुना माठ गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे आणि वर झाकणी ठेवावी. पाझरणारे पाणी थेट मुळाशी जाते. इतके केले की रोज चाळीसेक लिटर पाण्यात एवढी बाग तग धरते. माठ, तांदुळजा, घोळ, अंबाडी, गवार, भेंडी, पुदिना, शेवगा, कढीपत्ता ही मंडळी उन्हाळा सोसणारी. मेमध्ये कोबी आणि मेथीचा हट्ट कशाला?

हे चाळीस लिटर कुठून आणायचे? पिण्याच्या पाण्यातून मुळीच नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. जिथे टँकरपुढे रांग लागते तिथे पिण्याचे पाणी भाजीला घालणे हे पाप आहे. पण प्रत्येक घरात तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी रोज मोरीत जाते. वीस मुलांनी सकाळी येताना दोन-दोन लिटरची बाटली भरून आणली की चाळीस लिटर झाले, आणि ओझे दोन किलोचे. हातपंपाच्या ओट्यावरून वाहून जाणारे पाणीही चालते. साबणाचे पाणी मात्र केळी, कर्दळीला घालावे, भाजीला नको. आणि गटाराचे पाणी कोणत्याही भाजीला कदापि नको. त्यातून जंत आणि हगवण घरी येते.

मुलांसाठी नियम

नियम थोडे ठेवावेत, पण ते मोडू देऊ नयेत. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या आत सूर्य उगवतो. सहा ते साडेसात हीच बागेची वेळ. आठ वाजता बागेचे फाटक बंद झालेच पाहिजे, मग काम अर्धे राहिले तरी चालेल. पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी पाच वाजता मुलांना बोलावतात. विदर्भात पाच वाजता पारा अनेकदा चाळिशीच्या वरच असतो आणि दिवसभर तापलेली जमीन वाफा सोडत असते. संध्याकाळचे पाणी घालायचेच तर ते सूर्य मावळल्यावर एखाद्या मोठ्या माणसाने घालावे.

उपाशीपोटी कुणाला बागेत घेऊ नये. घरून येताना अर्धी भाकरी, गूळ-शेंगदाणे किंवा चुरमुरे, काहीतरी पोटात हवे. निघण्यापूर्वी पेलाभर पाणी, आणि कामात दर वीस मिनिटांनी सर्वांनी एकदम थांबून पुन्हा लहान पेलाभर. तहान लागो वा न लागो. एकाने घंटा वाजवावी, की सगळे सावलीत. साधे पाणी पुरते. सोबत ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील मिळाली तर उत्तम. बाजारातल्या रंगीत थंड पेयांची गरज नाही. खिशात कांदा ठेवण्याला माझी हरकत नाही, पण कांद्याने पाण्याचे काम होत नाही. डोक्याला ओला दुपट्टा किंवा टोपी, अंगात सैल सुती कपडे आणि पायात चप्पल किंवा बूट. हे सारे काही महागाचे नाही.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात काम वीस-पंचवीस मिनिटांचेच असावे. ताप, जुलाब किंवा गोवर-कांजिण्यांतून नुकत्याच उठलेल्या मुलाला पाळीतून वगळावे. एका मुलाची पाळी आठवड्यातून दोनदाच यावी. बागकामाला गुण नकोत आणि शिक्षा म्हणून तर कुणालाही पाणी घालायला पाठवू नये. फवारणी, मग ती कशाचीही असो, मुलांच्या हाती देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण पाहिले आहे. त्या फवाऱ्याचा डबाही शाळेच्या आवारात नको.

उन्हाळ्यात ओलाव्याच्या आश्रयाला इतर जीवही येतात. पाचटाखाली विंचू आणि साप असू शकतात. आच्छादन हाताने उचलू नये, काठीने सारावे, आणि ते मोठ्यांनीच करावे. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असंख्य प्राण वाचले आहेत. पण त्यासाठी मूल वेळेवर दवाखान्यात पोचावे लागते. मंत्र, उतारे यांत तास घालवू नयेत. माती आणि अवजारांशी संबंध येतो म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस झाली आहे ना, हे पाहावे. पाण्याची टाकी व माठ झाकलेले असावेत आणि आठवड्यातून एकदा कोरडे करावेत, नाहीतर भाजीबरोबर डेंग्यूचे डासही पिकतील.

मुलींचे पाणी

एका गोष्टीकडे कुणाचेच लक्ष जात नाही, म्हणून ती वेगळी लिहितो. उन्हाळ्यात दहा-बारा वर्षांच्या मुली लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आईबरोबर माझ्याकडे येतात. पाणी का पीत नाहीस, असे विचारले की मान खाली जाते. थोडे खोदून विचारले की कारण कळते : बाहेर कुठे जायची सोय नाही, म्हणून पाणीच प्यायचे नाही. सुट्टीत बाग उघडी असते आणि शाळेचे स्वच्छतागृह मात्र कुलूपबंद असते. मुले कुठेही आडोशाला जातात, मुलींनी काय करायचे? उन्हात काम आणि वर पाणी बंद, यासारखा दुहेरी धोका नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या दिवशी स्वच्छतागृहाची किल्ली हजर नसेल त्या दिवशी बागही उघडू नये.

दुसरे असे की, पाणी आणणे हे मुलींचे आणि खुरपे, झारी, फोटो हे मुलांचे, अशी वाटणी नकळत होते. घरी हंडे वाहणाऱ्या मुलीच्या डोक्यावर शाळेत पुन्हा हंडा नको. पाण्याच्या खेपा सर्वांना सारख्या असाव्यात.

स्वयंसेवकांनी स्वतःला जपावे

मुलांची काळजी करता करता आपली साठी-पासष्टीची मंडळी स्वतःला विसरतात. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारे, मधुमेही, हृदयविकार असलेले, मानसिक आजारावर औषधे घेणारे, यांना ऊन लवकर बाधते. ही औषधे मनाने बंद करू नयेत, पण उन्हाळा लागताच आपल्या डॉक्टरांना भेटून मात्रा तपासून घ्यावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी किती प्यावे हेही विचारून घ्यावे. रात्री जागरण झाले असेल किंवा आदल्या दिवशी जुलाब झाले असतील तर त्या दिवशी सुट्टी घ्यावी. बागेत नेहमी दोन मोठी माणसे हवीत. एकट्याने मुलांची जबाबदारी घेऊ नये. एक पडला तर दुसरा धावला पाहिजे.

ऊन लागले तर

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायात गोळे आणि अंगाला दरदरून घाम ही पहिली खूण. अशा मुलाला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या कपड्याने अंग पुसून वारा घालावा आणि जलसंजीवनी घोट घोट पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पाण्याने पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. हे पाणी साधे दिसते म्हणून त्याला कमी लेखू नये. त्या दिवशी मूल पुन्हा बागेत जाणार नाही. लघवी फिकट रंगाची झाली की पाणी पुरेसे पोचले असे समजावे.

मूल बरळू लागले, झोकांड्या देऊ लागले, झटका आला, शुद्ध हरपली किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात. घाम आहे की नाही हे पाहत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहावे, जोरात वारा घालावा, बर्फ मिळाला तर कपड्यात गुंडाळून काखेत व जांघेत ठेवावा. आधी गार करा, मग हलवा, हा नियम पाठ करावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे कामाची नाही, तिने हा ताप उतरत नाही. हा परिच्छेद कापून शाळेच्या फळ्याजवळ लावला तरी चालेल.

एप्रिल संपण्यापूर्वी

शाळा व्यवस्थापन समितीची एक बैठक एप्रिलमध्येच व्हावी. बाग किती ठेवायची, कोणाची पाळी कधी, सोबत मोठे कोण, स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे, जलसंजीवनीच्या पुड्या कुठे ठेवल्या आहेत, एवढे पाच मुद्दे एका कागदावर लिहून फाटकाला लावावेत. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी मुलांना सुट्टी, पाणी मोठ्यांनी घालावे. ग्रामपंचायतीने हिरवी जाळी आणि दोन झाऱ्या दिल्या तर तिजोरी रिकामी होणार नाही. स्वयंपाकीण ताईंना सोबत घ्यावे. कोणत्या घरी चूल थंड आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. आणि जी भाजी निघेल ती त्या दिवशी पाळीला आलेल्या मुलांनी घरी न्यावी. मूठभर माठ आणि एक लिंबू, एवढे घेऊन मूल घरी गेले तर त्या दिवशीच्या ताटात काहीतरी हिरवे पडेल.

पालकांना माझे सांगणे एवढेच की, मुलाला बागेत पाठवू नका असे म्हणण्यापूर्वी एका सकाळी सहा वाजता स्वतः त्याच्याबरोबर जा. नियम पाळले जात नसतील तर तिथल्या तिथे हटकण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आणि पाळले जात असतील तर घरून निघताना भाजी धुतलेल्या पाण्याची एक बाटली तुम्हीही हातात घ्या.